आजींना आधी विचारा

प्रश्न : माझी मुलगी सिंगापूरला नर्स आहे. तिच्या वॉर्डात एक चिनी आजी आहेत, कॅन्सर सगळीकडे पसरलाय. मुलगा म्हणतो, आईला काही कळू द्यायचं नाही. हिने त्याला ‘शेवटी व्हेंटिलेटर लावायचा का’ असं विचारलं, तर तो तडक उठून गेला. आजी मात्र रात्री हिलाच विचारतात, ‘मला घरी कधी सोडणार?’ पोरगी फोनवर रडते. तिला काय सांगू?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, तो मुलगा घाबरलाय. मरणाचं नाव काढलं की ते दारात येतं, असं जुन्या चिनी घरांत मानतात. चार हा आकडासुद्धा टाळतात, कारण त्याचा उच्चार ‘मरण’ या शब्दाच्या जवळ जातो. त्यात आईबापांची सेवा हा त्यांचा मोठा धर्म. उपचार थांबवायला हो म्हटलं तर आपणच आईला सोडलं, असं त्याला वाटत असणार. आपल्याकडे तरी काय वेगळं? मिरजेत मी ३१ वर्षं वॉर्डात काढली. फाईल नातेवाइकांच्या पिशवीत आणि पेशंटला सांगितलेलं, ‘साधी गाठ आहे.’

अथणीकडचे एक आजोबा होते. त्यांना फक्त कन्नड यायचं. डॉक्टर पाच मिनिटं बोलले की पुतण्या ते दोन शब्दांत उरकायचा. माझं कन्नड बाजारापुरतं, पण आजोबा ‘मनिगे, मनिगे’ म्हणायचे ते मला कळत होतं. मने म्हणजे घर. मी गप्प राहिले. चौथ्या दिवशी ते आयसीयूत गेले, नळ्या लावलेल्या. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून मुलीला सांगा, घरच्या माणसाला दुभाषा करू नको. तिथल्या जुन्या माणसांची बोली होक्कियन, तेओच्यू नाहीतर कँटोनीज असते; रुग्णालयाकडून दुभाषा मागून घे. मुलाला आधी म्हण, ‘आईचं किती करताय तुम्ही! त्यांना कळलं तर काय होईल अशी भीती वाटते?’ आणि ऐकून घे. मग डॉक्टरांना बरोबर घेऊन आजींना विचारा, ‘आजाराचं तुम्हाला स्वतःला ऐकायचंय, की मुलाशी बोलू?’ ‘मुलाशी बोला’ म्हणाल्या तर तोही त्यांचाच निर्णय, तो मानायचा. पण चिनी आहेत म्हणून असंच म्हणतील, हे धरून चालू नका. सिंगापुरात १९९६च्या कायद्यानुसार शेवटी व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत हे आधी लिहून ठेवता येतं, तसं लिहिणारेही असतात. (आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही मुभा दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तुम्ही दोघांनी घरी हे बोलून ठेवा.)

मुलगा भाताची पेज घेऊन येईल. उपाशी जाऊ नये, ही त्यांच्यात फार खोल भीती असते. आजींना गिळता येत नसेल, तर नुसतं ‘भरवू नका’ म्हणून त्याला परत पाठवू नये. ओला कापूस त्याच्या हातात द्यावा, ओठ त्यानेच भिजवावेत. आपण गंगेचं पाणी तोंडात घालतो, त्या हाताला जे वाटतं ते त्यालाही वाटू दे.

आज रात्री आजींनी पुन्हा विचारलं, तर ‘लवकरच’ म्हणू नको म्हणावं. खुर्ची ओढून बस, ‘घरी कोण कोण आहे, आजी?’ असं विचार, आणि त्या जे बोलतील ते सकाळी डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत सांग.