शाळेचं वर्ष संपताना जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांच्या पालकांनी काय काय करून ठेवावं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे आणि शाळा चौथीपर्यंतच आहे. धाकट्याला यंदा पहिलीत घालायचंय. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार, अपार (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक), दाखला, निकाल, गणवेश अशा सूचनांचा एप्रिलभर पाऊस पडतोय, आणि यातलं आधी काय करायचं तेच कळत नाहीये. मी जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकवते. वर्ष संपताना दाखले लिहायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे या गोंधळाची दुसरी बाजू रोज बघते.

बाकीच्या सूचना चार दिवस मागेपुढे झाल्या तरी चालतं. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचं मात्र सुट्टी लागायच्या आत बघा.

चौथीच्या मुलाचा दाखला निघाला की ते आमच्या पटावरून कमी होतं. पाचवीच्या शाळेत त्याचं नाव लागतं जूनमध्ये. मधल्या दीड महिन्यात हे मूल कुठल्याच शाळेचं नसतं, त्याची चौकशी करणं कोणाच्याच कामात बसत नाही. जूनमध्ये कोणी विचारलं तर जुनी शाळा म्हणते दाखला दिलाय, नव्या शाळेला असं मूल आहे हेच माहीत नसतं. गळती बहुतेक वेळा अशीच होते, कोणी ठरवून शाळा बंद करत नाही. मुलींच्या बाबतीत तर शाळा लांब आहे, सोबतीला कोणी नाही, पेरणीचे दिवस आहेत, एवढी कारणं पुरतात. म्हणून दाखला घरी आणून पेटीत ठेवू नका. पाचवीची शाळा आत्ताच ठरवा, तिथून दाखल्याचं मागणीपत्र घ्या, आमच्यासारख्या जुन्या शाळेतून दाखला घ्या आणि तो नव्या शाळेत देऊन मुलीचं नाव लावूनच सुट्टीला मोकळे व्हा.

निकाल १ मेला. ध्वजवंदनाला सगळे शिक्षक शाळेत असतात, पण त्यानंतर मुख्याध्यापक गाठणं अवघड होतं, आणि सही-शिक्का त्यांचाच लागतो. तेव्हा दाखल्याचं निकालाच्या आधीच बोलून ठेवा.

दाखला हातात घेण्याआधी एक गोष्ट हक्काने मागा: जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या कायमच्या नोंदवहीतली, मुलीची नोंद बघायला. दाखला म्हणजे त्या नोंदीची नक्कल. रजिस्टरात चूक असेल तर ती दाखल्यावर येते, तिथून नव्या शाळेच्या रजिस्टरात, आणि पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव, धर्म, जात हे सगळं जन्मदाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर लावून वाचा. ऱ्हस्व-दीर्घाची चूकसुद्धा सोडू नका. मूल शाळेत शिकत असताना दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत वर जातो आणि मार्गी लागतो. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती करायची तर फार पायपीट होते.

जातीच्या रकान्यावर जरा थांबते, कारण तिथेच सगळ्यात जास्त घाई होते. पुढे जातीचं प्रमाणपत्र आणि पडताळणी करताना वडिलांच्या, आजोबांच्या शाळेतल्या नोंदी मागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो बऱ्याच घरांना मिळतो तो गावातल्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरातच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदी शोधायला राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर काढली, तेव्हा मोडीतल्या एका ओळीची किंमत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. तुमच्या मुलीची आजची नोंद तिच्या नातवंडांनाही लागू शकते. पोटजात आणि ती कशी लिहिलीय हे घरातल्या जुन्या कागदांशी जुळतं का ते बघूनच पुढे जा.

आता आधार. गुरुजी-बाई आधारच्या मागे का लागतात, तर आधार आणि शाळेची नोंद जुळली नाही की ते मूल ऑनलाइन प्रणालीत अवैध दिसतं, आणि शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत ते मोजलं जात नाही. नुकसान शाळेचं आहेच, पण शिष्यवृत्तीचे पैसे अडतात तेव्हा ते तुमचंही होतं. नाव जुळत नसेल तर आधी जन्मदाखला बघा. रजिस्टर त्याच्याशी बरोबर असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. आधारवर चूक आहे म्हणून रजिस्टरात तीच चूक करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

दाखल्याबरोबर तीन क्रमांक वहीत उतरवून घ्या: राज्याच्या ‘सरल’ या ऑनलाइन नोंदणीतला विद्यार्थी क्रमांक, केंद्राच्या ‘यू-डायस’ नोंदणीतला पेन क्रमांक आणि काढला असेल तर अपारचा बारा अंकी क्रमांक. आम्ही मुलीला ऑनलाइन सोडलं की नवी शाळा पेन क्रमांकावरून तिला आपल्याकडे ओढून घेते. हे झालं नाही तर मूल वर्गात बसलेलं असतं आणि संगणकावर मात्र जुन्याच शाळेत अडकलेलं असतं. अपारसाठी पालकांच्या संमतीपत्रावर सही लागते. ते वाचून, समजून करा.

आणखी एक गैरसमज हल्ली फार ऐकते. नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचा नियम १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी आहे. तुमच्या मुलांच्या नोंदी त्यासाठी बदलायची गरज नाही.

कुणी दाखला अडवून ठेवला, किंवा दाखला नाही म्हणून नव्या शाळेने परत पाठवलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगा. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून पुढच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांना हे नक्की सांगा. वर्षाच्या मध्येच गाव सोडावं लागलं तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यायचं, ते दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत मूल बसू शकतं. हंगाम संपवून परत आल्यावर आमच्याकडे यायला संकोच करू नये. मूल वर्गात यावं एवढंच आम्हाला हवं असतं.

पाचवीची शाळा निवडताना पहिला प्रश्न विचारा: शाळा अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय फीवर चालणारी? जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांमध्ये आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात आणि पोषण आहार असतो. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत यातलं काही नाही, वर फी. मोफत गणवेशाची योजना मात्र सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरतीच आहे, त्यामुळे मुलगी खासगी अनुदानित हायस्कूलला गेली तर गणवेश घरून करावा लागेल. तेवढा खर्च आत्ताच धरून ठेवा. पाचवीसाठी मुलीची प्रवेश परीक्षा घेणं किंवा देणगी मागणं कायद्याच्या कलम १३ ने बंद केलंय. मागितलीच तर पावती मागा, बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

शाळा लांब असेल तर एसटीच्या पासचं विसरू नका. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून घर ते शाळा एसटीचा प्रवास पूर्ण मोफत आहे. चौथीपर्यंत याची गरज पडत नाही, म्हणून पालकांना माहीत नसतं आणि जुलै-ऑगस्टपर्यंत पोरी जीपने तरी जातात नाहीतर घरी बसतात. नव्या शाळेत नाव लावतानाच पासचा फॉर्म मागा. मुलग्यांना पूर्ण माफी नाही, पण पासात दोन तृतीयांश सवलत आहे. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर त्यातल्या मुलींसाठीच्या निळ्या बसची वेळही विचारून घ्या.

अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींना पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती लागू होते. तुम्ही त्यात बसत असाल तर मुलीच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं सुट्टीतच उघडा. जूनमध्ये बँकेत रांगा असतात. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाचा फॉर्मही पाचवीत असतानाच भरायचा असतो आणि तो वर्षाच्या सुरुवातीलाच येतो. मुलगी अभ्यासात बरी असेल तर जूनपासून कान उघडे ठेवा.

निकालाबद्दल थोडं. प्रगतिपत्रक हातात आलं की सगळे आधी श्रेणी बघतात. त्याच्या शेजारी वर्णनात्मक नोंदी असतात, त्या वाचा. ‘वाचनात सराव आवश्यक’ असं लिहिलं असेल तर ते आम्ही विचार करून लिहिलेलं असतं. वर्गशिक्षकांना थेट विचारा: हिला चौथीचा धडा अडखळल्याशिवाय वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार जमतो का? उत्तर नाही आलं तर सुट्टीत रोज थोडा वेळ मोठ्याने वाचून घ्या, आजी-आजोबांना वाचून दाखवायला सांगा. हे आत्ता महत्त्वाचं आहे, कारण २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पाचवीला प्रत्येक विषयाला ५० गुणांचा पेपर आणि उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. नापास झाल्यास पुनर्परीक्षा होते, तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. शाळेतून काढता मात्र येत नाही. चौथीपर्यंत सगळे वर चढतात त्यामुळे कच्चं राहिलेलं लक्षात येत नाही, आणि मग पाचवीत एकदम धक्का बसतो.

धाकट्याचं सोपं आहे. ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर तो पहिलीला बसतो. जन्मदाखला हाताशी नसेल तरी वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. त्याचं निळं बाल आधार असेल तर पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यावी लागते, सात वर्षांच्या आत ती मोफत होते. शाळेत ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा असतो, एप्रिलमध्ये एक आणि जूनमध्ये एक. या मेळाव्याला धाकट्याला घेऊन तुम्ही स्वतः जा. रंग ओळखणं, उड्या मारणं, वस्तू मोजणं असं टेबलाटेबलावर करून घेतात आणि सुट्टीत घरी काय खेळायचं ते आयांच्या गटाला समजावून सांगतात. आमच्या शाळेत ज्यांच्या आया या गटात आल्या ती पोरं पहिल्या दिवशी दारात रडली नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. शेजारच्या मोठ्या मुलाचं पहिलीचं पुस्तक मात्र मागून आणू नका. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदललाय, नवीन पुस्तक शाळेतच मिळेल.

शाळा उघडायची तारीख ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रांवरून ठरवू नका. राज्यात साधारण जूनच्या मध्याला आणि विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा भरतात. नेमका दिवस शिक्षण विभागाच्या परिपत्रकात येतो. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत सुट्टीतही पोषण आहार द्यायचा आदेश याआधी निघालेला आहे, तुमच्याकडे तशी वेळ असेल तर मुख्याध्यापकांना विचारा.

राहिलं अंतराचं. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी, नसेल तर ये-जा करायची सोय किंवा प्रवासभत्ता मिळायला हवा. तुमच्या गावात पाचवीचा वर्ग नाही, म्हणजे तुमचा हक्क पहिल्या नियमातच येतो. चौथीतल्या सगळ्या मुलांचे पालक मिळून शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा तुमच्या ओळखीचं कोणी तरी असेलच. पाचवीचा वर्ग जोडून द्या किंवा वाहतुकीची सोय करा असा ठराव घ्यायला सांगा, आणि त्याची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज पंचायत समितीत द्या. मुलांची नावं, घरापासून शाळेपर्यंतचं अंतर, वाटेत ओढा किंवा हायवे असेल तर तेही लिहा. अर्ज एप्रिलमध्येच जाऊ द्या, म्हणजे जूनच्या आधी त्यावर काही होऊ शकेल, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.