चाळिशीनंतर एक्झिक्युटिव्ह एमबीए करू का?

“वय त्रेचाळीस, एमबीए नाही. वर जायचं तर तीस-पस्तीस लाख घालून आयआयएममध्ये वर्षभर जाऊ का?” चाकणच्या एका ऑटो-पार्ट्स कंपनीतले प्रॉडक्शन मॅनेजर पत्नीला घेऊन माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) प्लांट हेडची जागा दोनदा बाहेरून आलेल्यांना मिळाली, दोघंही एमबीए. म्हणजे आपलं अडतंय ते पदवीपाशी, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. इंजिनिअर मंडळींकडून हा प्रश्न मला सतत येतो.

कोर्सचा विषय मी बाजूला ठेवला आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या एका लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल पुढे केला. “नफा वाढलाय, मग रोकड का आटली?” मशीनचा सायकल टाइम सेकंदात सांगणारा हा माणूस कॅश फ्लोच्या पानावर (पैसा आला किती, गेला किती याच्या हिशेबावर) अडकला. ग्राहकांकडची येणी फुगली होती, तयार माल गोदामात पडून होता. दोन्ही आकडे त्याच पानावर होते. रिजेक्शन, ओव्हरटाइम, इन्व्हेंटरी हे सगळं ते रोज हाताळत, पण त्याचा पैशातला हिशेब कायम फायनान्सवाले करत आले. थोड्या वेळानं म्हणाले, “मॅडम, इंटरव्ह्यूतही मला वर्किंग कॅपिटलच विचारलं होतं.” म्हणजे येणी आणि मालात अडकणारा, रोजचा धंदा चालवणारा पैसा.

उणीव सापडली की कोर्स निवडणं सोपं जातं. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स हा अनुभवी नोकरदारांसाठीचा वर्षभराचा एमबीए 2006 पासून चालतो आणि उत्तम आहे, पण तो पूर्णवेळ, निवासी. नोकरी सोडावी लागते, जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि वर्गात बरेचसे तिशीतले असतात. क्षेत्र बदलायचं असेल तर तो विचार करण्यासारखा. यांना तर आपल्याच क्षेत्रात वर चढायचं होतं. अशांसाठी आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपीमॅक्स किंवा मुंबईच्या एसपीजेआयएमआरचा पीजीईएमपी यांसारखे टप्प्याटप्प्यानं चालणारे कोर्स आहेत. अधूनमधून कॅम्पसवर जायचं, एरवी कामावर. शिकलेलं लगेच आपल्याच प्लांटवर लावून बघता येतं, आणि माझ्या मते या वयात हाच सर्वांत मोठा फायदा.

ऑनलाइन सर्टिफिकेटच्या जाहिरातींबद्दल मात्र स्पष्टच सांगते. आयआयएम कायदा 2017 मुळे या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला, पण म्हणून त्यांचा प्रत्येक कोर्स पदवीचा होत नाही. हाती पदवी पडणार की प्रमाणपत्र, माजी विद्यार्थी म्हणून नोंद होणार का, शिकवणार कोण, हे संस्थेकडूनच लेखी घ्या. विक्री प्रतिनिधीच्या फोनवर विसंबू नका. “आजच सीट बुक करा” असं कुणी म्हटलं, तर त्या दिवशी पैसे अजिबात भरू नका.

तोवर गप्प बसलेल्या त्यांच्या पत्नीनं विचारलं, “मुलगी बारावीला आहे, ह्यांचं हे सगळं याच वर्षी?” प्रश्न अगदी रास्त होता. नोकरी सोडली असती तर फीबरोबर वर्षाचा पगारही गेला असता, आणि घराचा हप्ता चालूच होता.

पुढे त्या मॅनेजरनी कंपनीच्या एमडींची वेळ मागितली. ‘मला प्रमोशन द्या’ न म्हणता एका प्रॉडक्ट लाइनचं बजेट आणि नफा-तोटा सांभाळायला मागितला. तो मिळाला. नोकरी सांभाळून करायच्या टप्प्याटप्प्याच्या कोर्सची निम्मी फी कंपनी भरणार आहे, बदल्यात दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बॉण्ड. सही करण्याआधी मी त्यांना एकच कलम पक्कं करून घ्यायला सांगितलं: कंपनीनंच कामावरून कमी केलं तर फी परत द्यायची नाही. एचआरनं ते मान्य केलंय. प्रवेशाचा अर्ज मुलीची सीईटी झाल्यावर जाईल.