वायनरीचा अर्ज कोणत्या तारखेला गेला ते आधी काढा

दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मेल आहे. शेजारच्या गटात वायनरी येतेय, सांडपाणी ट्रीट करून त्याच जमिनीवर सोडणार, यांची विहीर उताराला खाली आणि घरात प्यायलाही तेच पाणी, तर उद्या नायट्रेट वाढलं तर केस कुठे टाकायची? द्राक्षपट्ट्यातून असे प्रश्न सारखे येतात आणि सगळे "उद्या"चंच विचारतात.

भाऊ, तुमचं प्रकरण आत्ताच ठरतंय. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २५(७) वाचा. सांडपाणी सोडायच्या संमतीसाठी सर्व बाबतीत पूर्ण असलेला अर्ज आल्यापासून चार महिन्यांत प्रदूषण नियंत्रण मंडळाने हो किंवा नाही काहीच कळवलं नाही तर संमती मिळाली असं धरलं जातं, आणि तीही विनाअट. तुम्ही लिहिलंय "दिवाळीच्या सुमारास अर्ज केला असं कानावर आलं", आता फेब्रुवारी चालू आहे, मग इतके दिवस तारीख का नाही काढली? कलम २५(६) प्रमाणे मंडळाकडे संमतीच्या अटींचं रजिस्टर असतं आणि बाधित माणसाला ते बघायचा हक्क आहे, त्यामुळे उद्याच मंडळाच्या नाशिकच्या ऑफिसात जा, रजिस्टर बघा आणि अर्जाची तारीख लेखी मागा.

विनाअट या शब्दावर मी एवढा का अडून बसलोय ते सांगतो. सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं असेल तर सर्वसाधारण मानकांत नायट्रेट नायट्रोजनला, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनच्या वजनाला, लिटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण तेच पाणी सिंचनासाठी जमिनीवर सोडलं तर त्या रकान्यात नायट्रेटचा आकडाच नाही. म्हणजे तुमच्या विहिरीला वाचवणारी अट फक्त संमतीपत्रातच येऊ शकते, आणि चार महिने गप्प बसून गेले तर तीही गेली.

म्हणून या आठवड्यात हरकत द्या, पोच घ्या. "आम्हाला वायनरी नको" असं लिहू नका, अर्ज अपूर्ण कसा आहे ते लिहा. भूजलाचा उतार कुठे, एकूण नायट्रोजन किती निघणार, तो पिऊन टाकायला जमीन आणि पीक किती, चोथा आणि गाळ पावसाळ्यात कुठे ठेवणार. "सांडपाण्यात नायट्रेट नगण्य" एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका, वायनरीच्या पाण्यातला नायट्रोजन बहुतेक सेंद्रिय आणि अमोनियाच्या रूपात असतो, त्याचं नायट्रेट जमिनीत गेल्यावर होतं आणि मग पावसाबरोबर मुरमातून, खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरतं. तेव्हा टोटल नायट्रोजनचा रिपोर्ट मागा, आणि वरच्या व खालच्या बाजूच्या विहिरींची नियमित तपासणी ही अट मागा. मंडळाने यावरून त्रुटीपत्र काढलं तर अर्ज पूर्ण नव्हता असं म्हणायला तुमच्या हातात कागद राहील, अपिलात ते कितपत टिकेल हे मात्र फाइल बघूनच सांगता येईल.

दुसरं, विहिरीचं पाणी कधीच तपासलं नाही म्हणता! तुम्ही स्वतः बागेला युरिया आणि शेणखत टाकता, उद्या समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवणार. वायनरी सुरू व्हायच्या आत मान्यताप्राप्त लॅबकडून, त्यांच्याच माणसाने सॅम्पल घेऊन, रिपोर्ट करून ठेवा, पावसाळ्यानंतर परत एकदा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रेट म्हणून, म्हणजे अख्ख्या नायट्रेटचं वजन धरून. रिपोर्टमध्ये "नायट्रेट ॲज एन" (फक्त नायट्रोजनचं वजन) १२ लिहिलं असेल तर ते ४५ च्या आत नाही, नायट्रेट म्हणून ते ५३ होतं. घरात तान्हं बाळ असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्याला हे पाणी देऊ नका, आणि उकळून नायट्रेट जात नाही.

संमती आधीच निघाली असेल तर कलम २८ खाली अपिलाला ३० दिवस आहेत. शेजाऱ्याच्या बाबतीत ते कधीपासून मोजायचे यावर वाद होऊ शकतो, सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो, पण "माहीत नव्हतं" हे दरवेळी चालत नाही. पुण्याच्या हरित लवादाचा रस्ता नंतर आहेच, तिथेही मुदती कडक आहेत. दिवाणी कोर्टात मात्र आत्ता जाऊ नका, तिथे तारखांवर तारखा पडतील आणि तोवर वायनरीचा दुसरा हंगाम उरकलेला असेल.