संचित, एकत्रित की संचयी?

कसबा बावड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या वकिलांकडे भाषांतराचं काम करतात. गॅस पाइपलाइनच्या प्रकरणाची कागदपत्रं मराठीत करताना ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट’ पानोपानी येतं. एका जुन्या भाषांतरात त्यांना ‘संचित परिणाम’ सापडलं, दुसऱ्यात ‘एकत्रित परिणाम’, तर बातम्यांत ‘एकंदर परिणाम’. यातलं बरोबर काय?

ताई, मी ‘संचयी परिणाम’ लिहीन.

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा तुमच्या घरापासून जवळच. पावसाळ्यात आपण सगळेच तिथल्या पाण्याचे फूट मोजत असतो, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पाणी येतं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं. एकेकीचं वेगळं पाहिलं तर ‘एवढ्यानं काय होतंय’ असं कुणीही म्हणेल. पण बंधाऱ्यावरची पट्टी कुठल्या नदीचं किती हे विचारत नाही. आणि राधानगरी धरणाचा एक दरवाजा उघडला तर नदी २० फुटांवर असताना त्याची कुणाला भीती वाटत नाही. ३८ वर असताना मात्र शिवारात धावपळ सुरू होते. दरवाजा तोच, पाणीही तेवढंच.

कायद्याला हेच विचारायचं असतं. अमेरिकेच्या १९७८ च्या पर्यावरण नियमांत ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट’ची व्याख्या होती. तिचा आशय असा, की पूर्वी झालेल्या, आत्ता चालू असलेल्या आणि पुढे होतील असं वाजवीपणे दिसणाऱ्या कामांत या कामाची जी भर पडते, तिचा परिणाम. (ती व्याख्या २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये परत आणली, आणि २०२५ मध्ये ते नियमच मागे घेतले. शब्दाचा अर्थ समजायला मात्र ती अजूनही सर्वांत नेमकी वाटते.) आपल्याकडे २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं अशा संवेदनशील भागांतून जाणाऱ्या तेल-वायूवाहिन्या येतात. तिच्या नमुना १ मध्ये विचारलेलं आहे, की जवळच्या चालू किंवा नियोजित प्रकल्पांमुळे असे परिणाम होतील का.

आता ‘संचित’ इथं का नको? ते भूतकाळवाचक विशेषण आहे. साठून झालेलं ते संचित. ‘संचित वारंवारता’ ठीक, कारण मोजणी संपलेली असते. शिवाय मराठी कानाला संचित म्हटलं की पाठोपाठ प्रारब्ध आणि क्रियमाण ऐकू येतात, म्हणजे संचित हे मागचंच. उद्याची पाइपलाइन त्या शब्दात मावत नाही, आणि कोर्टात भांडण बहुतेक उद्याच्याच पाइपलाइनवरून असतं. ‘संचयी’ म्हणजे साठत जाणारं. त्याचं तोंड पुढच्या बाजूला उघडं आहे.

‘एकंदर’मध्ये तर त्या एकाच प्रकल्पाचे सगळे परिणाम मिळून, असाही अर्थ निघतो. तो सोडाच.

‘एकत्रित’ चुकीचं नाही, पण ते मी प्रकल्पांसाठी राखून ठेवीन. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं एका प्रकरणात अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाला दोष दिला. एकाच गॅसवाहिनीवरची, एकमेकांना जोडलेली चार कामं आयोगानं वेगवेगळी तपासली होती. न्यायालयाचं म्हणणं दुहेरी होतं : प्रकल्पाचे तुकडे पाडले, आणि संचयी परिणामही धड तपासले नाहीत. हे दोन वेगळे दोष आहेत, म्हणून त्यांना शब्दही वेगळे हवेत. पहिल्यासाठी आपल्याकडे शब्द तयारच आहे. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, गेलेल्या प्रत्येकाला १९४७ चा ‘तुकडेबंदी’ कायदा माहीत असतो. तिथं प्रश्न शेताच्या तुकड्यांचा आहे, इथं पाइपलाइनच्या. ‘सेगमेंटेशन’ला ‘खंडीकरण’ म्हणण्यापेक्षा ‘प्रकल्पाचे तुकडे पाडणे’ लिहा, न्यायाधीशांपासून पक्षकारापर्यंत सगळ्यांना कळेल.

तेव्हा तुमचं वाक्य असं होईल : ‘प्रकल्पाचे तुकडे न पाडता, परस्परांशी जोडलेल्या सर्व कामांची एकत्रित तपासणी करावी आणि त्यांच्या संचयी परिणामांचा विचार करावा.’ पहिल्यांदा ‘संचयी’ येईल तिथं पुढे स्वल्पविराम देऊन ‘म्हणजे भर पडत साचत जाणाऱ्या’ एवढं जोडा. नंतर नुसतं ‘संचयी’ चालेल.