वकिली, आमदारकी आणि न्यायासन : मॉटलीबाईंविषयी प्रश्नोत्तरे

कॉन्स्टन्स बेकर मॉटली (१९२१–२००५) या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टातल्या, न्यायाधीश. मागच्या लेखात त्यांचा ओझरता उल्लेख आला आणि बरीच पत्रं आली. त्यांतले हे काही प्रश्न.

आधी राजकारण, मग न्यायाधीशपद. म्हणजे वशिलाच ना?

तिकडे फेडरल न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह, मंजुरी देतं, त्यामुळे राजकारण येतंच. पण बाईंचं राजकारण जेमतेम अडीच वर्षांचं. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर, १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटन बरोच्या (विभागाच्या) अध्यक्षपदी, १९६६ मध्ये न्यायासनावर. त्याआधीची जवळपास वीस वर्षं कोर्टात गेलेली. कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकतानाच, १९४५ मध्ये, त्या नामवंत वकील थरगुड मार्शल यांच्या हाताखाली लीगल डिफेन्स फंड या कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे खटले लढवणाऱ्या संस्थेत लागल्या. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ब्राउन खटल्याच्या मूळ दाव्याचा मसुदा त्यांचा. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला १९६२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून दिला तोही त्यांनीच.

हीच कमाई पुढे आडवी आली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जानेवारी १९६६ मध्ये नाव पाठवलं. सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड, नेमके मिसिसिपीचे! कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा ठपका ठेवत त्यांनी प्रकरण सात महिने रखडवलं. मंजुरी मिळाली ऑगस्टअखेरीस. वशिल्याची माणसं इतकी ताटकळत नाहीत.

सुप्रीम कोर्टात दहापैकी नऊ खटले जिंकल्या म्हणतात. हरल्या तो कोणता?

स्वेन विरुद्ध अलाबामा, १९६५. कृष्णवर्णीय आरोपीला मृत्युदंडाची शिक्षा सुनावली होती. ज्युरीसाठी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासाठी, आलेल्यांपैकी काहींना कारण न सांगता नाकारण्याचा हक्क वकिलाला असतो. तो वापरून सरकारी वकिलाने सहाच्या सहा कृष्णवर्णीयांना वगळलं. एका खटल्यात असं घडलं एवढ्याने भेदभाव सिद्ध होत नाही, असं कोर्ट म्हणालं. १९८६ मध्ये बॅटसन खटल्यात कोर्टाने ही भूमिका सोडली. बाई तेव्हा न्यायाधीश होत्या. मला तरी ही हार त्यांच्या काही विजयांहून मोलाची वाटते.

नागरी हक्कांसाठी लढलेली वकील न्यायाधीश म्हणून तटस्थ कशी राहणार?

हाच आक्षेप १९७५ मध्ये त्यांच्यासमोर आला. नोकरीत स्त्री म्हणून डावललं, असा दावा एका वकील महिलेने सुलिव्हन अँड क्रॉमवेल या बड्या लॉ फर्मवर लावला होता. फर्मचं म्हणणं, या न्यायाधीशांनी बाजूला व्हावं. बाईंनी साफ नकार दिला. वंश, लिंग किंवा पार्श्वभूमी एवढंच कारण पुरत असेल, तर या कोर्टातल्या कुठल्याच न्यायाधीशाला हा खटला ऐकता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. बरोबरच आहे. पुरुषालाही लिंग असतंच की!

बेसबॉलशी त्यांचा काय संबंध?

१९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत, मेलिसा लुडकी या पत्रकार महिलेला खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये मज्जाव झाला. पुरुष बातमीदार मात्र आत. सामना जिथे होता ते यांकी स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं, त्यामुळे हा निव्वळ खासगी मामला राहत नाही आणि राज्यघटनेची समानता तिथे लागू होते, असं बाईंनी १९७८ च्या निकालात धरलं. खेळाडूंच्या खासगीपणाचं काय? त्यावरचा उपाय साधा होता : पडदा लावा, टॉवेल गुंडाळा.