अमेरिकेत मेडिकलला जायचं असेल तर कॉलेजात बायोलॉजीच घ्यावी लागते का?

मुलीला इतिहास मनापासून आवडतो, पुढे डॉक्टर व्हायचंय आणि घरातले सगळे "मग बायोलॉजीच घे" म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी न्यू जर्सीत वाढले, मानववंशशास्त्रात पदवी घेतली आणि मग मेडिकलला गेले. माझं मत विचाराल तर तिला इतिहास घेऊ द्या.

महाराष्ट्रात बारावी आणि नीट झाली की थेट एमबीबीएस, त्यामुळे सायन्स सोडलं की डॉक्टरकी गेली हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे आधी चार वर्षांची पदवी. ती कशात घ्यावी याची अट मेडिकल स्कूल सहसा घालत नाहीत. १९८९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारे हॅरॉल्ड वार्मस यांची पहिली पदवी इंग्रजी साहित्याची आहे. एएएमसीचे (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचे) आकडे पाहिले तरी इतिहास-साहित्य अशा ह्युमॅनिटीजवाल्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी नसतं.

अट असते ती ठरावीक कोर्सेसची. साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स एकेक वर्ष, लॅबसकट. वर बायोकेमिस्ट्री, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजी नि स्टॅटिस्टिक्स. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे एपी कोर्स करून मिळवलेली क्रेडिट्स काही ठिकाणी धरत नाहीत, तेवढं तपासून घ्या.

खरी कसोटी लागते ऑरगॅनिकला. पेपरात रेणू काढून दिलेला असतो आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो ते वाकड्या बाणांनी दाखवायचं असतं. रिअ‍ॅक्शन पाठ करून आलेली हुशार मुलं तिथे अडकतात, कारण समोरचा रेणू त्यांनी आधी कधी पाहिलेलाच नसतो. त्या सेमिस्टरला इतिहासाचे दोन-दोन सेमिनार घेऊ नयेत. वाचन आणि निबंधांचा ढीग पडतो आणि दोन्हीकडे ग्रेड घसरते.

आणि ग्रेडचं गणित तिला आत्ताच समजावून सांगा. अर्ज ज्या एएमसीएएस नावाच्या सामाईक अर्जसेवेतून जातो, तिथे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात. इतिहासवालीचे सायन्सचे कोर्स मोजकेच, त्यामुळे एखादी 'सी' तिला जास्त महाग पडते. कोर्स पुन्हा केला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात.

एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, मात्र तिला फायदाच आहे. चार भागांपैकी एक संपूर्ण भाग उतारे वाचून युक्तिवाद ओळखण्याचा असतो आणि २०१५ पासून मानसशास्त्र-समाजशास्त्राचाही भाग आहे.

घरच्यांना एक गोष्ट जरूर सांगा: दरवर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना प्रवेश मिळत नाही. अशा वेळी हातात राहते ती पदवीच, आणि नावडत्या विषयात चार वर्षं ओढूनताणून मिळवलेले मार्क ना मेडिकलला पुरतात ना दुसरीकडे.

जनरल केमिस्ट्री पहिल्याच सेमिस्टरला सुरू करू द्या. तिच्यावर ऑरगॅनिक, ऑरगॅनिकवर बायोकेमिस्ट्री अशी साखळी असते आणि मध्ये गॅप न घेता जायचं तर एमकॅट तिसऱ्या वर्षीच द्यावी लागते. कॉलेज सुरू होताच प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझरला (मेडिकलला जाणाऱ्यांना सल्ला देणाऱ्याला) भेटायला सांगा. तुम्ही व्हिसाचं लिहिलेलं नाही, पण ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणार असेल तर मेजरच्या (पदवीच्या मुख्य विषयाच्या) आधी तोच प्रश्न बघा. बरीच मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत.