जोतिबाचा डोंगर ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, मग तो अंदमानच्या बॅरन बेटासारखा पुन्हा पेटू शकतो का?

नाही. दगड दोन्हीकडे मुख्यतः बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, त्यामुळे शंका रास्त आहे. पण नुसत्या दगडावरून ठरवू नका, खालून मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) येतोय का ते बघा.

जोतिबा काय किंवा पन्हाळा काय, हे डोंगर स्वतः कधीच ज्वालामुखी नव्हते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. आजूबाजूचं पावसानं, नद्यांनी झिजवून नेलं; उरले ते हे डोंगर. म्हणून माथा सपाट आणि उतार टप्प्याटप्प्यांचा. पन्हाळ्यावरचा जांभासुद्धा बेसॉल्ट कुजूनच तयार झालाय. रस्त्यासाठी कापलेली दरड नीट बघा: खाली घट्ट काळा दगड, वर वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला, कुठे त्या भोकांत पांढरे स्फटिक. भोकांच्या वर पुन्हा घट्ट दगड लागला की दुसरा प्रवाह सुरू झाला समजा.

बॅरनचा प्रकार वेगळा. पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) ईशान्येला साधारण 135 किमीवर, जेमतेम 3 किमी रुंदीचं बेट. समुद्रावर दिसतो तो साडेतीनशे मीटरचा शेंडा. बाकी डोंगर पाण्याखाली, 2 किमीहून खोल. तिथे भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) बर्मा भूपट्टाखाली सरकतो. खाली जाणाऱ्या भूपट्टातलं पाणी वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात) मुरतं, त्यानं खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि मॅग्मा बनत राहतो. लाव्हा आणि राख-खड्यांचे थर आलटून पालटून साचत शंकू वाढतो. जुना शंकू खचून सुमारे 2 किमीचं कढईसारखं कुंड झालं, त्याची पश्चिमेची भिंत फुटलेली. नवा शंकू त्याच्या आत उभा आहे आणि लाव्हा त्या खिंडारातूनच समुद्रात जातो.

1787 पासून 1800 च्या आसपासपर्यंत उद्रेकांच्या नोंदी आहेत. नंतर जवळजवळ दोन शतकं शांतता, आणि 1991 मध्ये बेट एकदम जागं झालं. पुढे 1994-95, आणि 2005 पासून अधूनमधून चालूच. म्हणजे शे-दोनशे वर्षं गप्प राहिला म्हणून असा ज्वालामुखी मेला असं धरता येत नाही. आपल्याकडची शांतता मात्र कोट्यवधी वर्षांची आहे.

कोयनेचे धक्के कोल्हापुरात जाणवतात, त्याचाही लाव्ह्याशी संबंध जोडू नका. ते जुन्या भ्रंशांवरचं, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगांवरचं सरकणं. 1967 च्या मोठ्या भूकंपाबाबत धरणातल्या पाण्याचा दाब हे कारण मानलं जातं.